मुहूर्ताची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ

लग्नाच्या छायाचित्रणाची शैली ठरवताना बहुतेक घरांत चर्चा सुरू होते ती चित्र कसे दिसेल यापासून: रंग उजळ हवेत की फिकट, पार्श्वभूमी धूसर हवी की स्पष्ट, अल्बम चकचकीत हवा की जाड मऊ कागदाचा. या बाबी महत्त्वाच्या असल्या तरी त्या शैलीचा परिणाम आहेत. शैलीचे मूळ छायाचित्रकार लग्नाच्या दिवशी वधूवरांकडून आणि यजमानांकडून किती वेळ मागतो आणि समोर चाललेल्या विधीत किती हात घालतो, यात असते. मराठी लग्नाला मुहूर्त असतो, घटका ठरलेली असते, गुरुजी घड्याळाकडे पाहत असतात आणि पंगत खोळंबलेली असते. अशा दिवसात कॅमेऱ्याला वेळ द्यायचा म्हणजे तो विधीच्या, पाहुण्यांच्या किंवा वधूवरांच्या विसाव्याच्या वाट्यातूनच काढून द्यावा लागतो. त्यामुळे आपल्याला कोणती शैली मानवेल, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी आपल्या लग्नात कोणाचा वेळ कॅमेऱ्याला देण्याची तयारी आहे, हे घरात बसून ठरवणे हिताचे असते.

हा वेळेचा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रणाची हौस असणाऱ्यांची संस्थाही स्थापन झाली. परंतु त्या काळातील काचपट्ट्यांना आणि भिंगांना भरपूर उजेड आणि समोरच्याचे स्तब्ध बसणे आवश्यक असल्यामुळे प्रत्यक्ष मांडवात चाललेले लग्न टिपणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून लग्न झाल्यावर सोयीच्या दिवशी नवपरिणीत जोडपे स्टुडिओत जाई, रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्ची मांडली जाई, एकाला बसवून दुसऱ्याला शेजारी उभे केले जाई आणि श्वास रोखून चित्र घेतले जाई. जुन्या घरांच्या ओसरीवर आजही दिसणाऱ्या त्या कृष्णधवल तसबिरींतील गंभीर चेहरे हा पुष्कळ अंशी त्या तंत्राचा परिणाम आहे. ती माणसे लग्नात हसलीच नव्हती, असा त्याचा अर्थ नाही. पुढे चौकोनी चित्रे देणारा कॅमेरा मांडवात आला, तेव्हा त्याच्या एका रिळावर बारा चित्रे बसत आणि ३५ मिलिमीटरच्या रिळावर छत्तीस. रिळाला पैसे पडत, म्हणून कोणत्या क्षणी बटण दाबायचे हे आधी ठरलेले असे: हार घालताना एक, सप्तपदीला एक, आईवडिलांसोबत एक. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातून एका दिवसात हजारो चित्रे निघतात, त्यामुळे काटकसर संपली आणि निवडीचा सगळा भार शैलीवर येऊन पडला.

पहिली आणि सर्वांत जुनी शैली पारंपरिक म्हणून ओळखली जाते. तिच्यात छायाचित्रकार माणसांना उभे करतो, नजर कॅमेऱ्याकडे वळवायला सांगतो, शालूचा पदर आणि उपरणे नीट करून घेतो आणि मग चित्र घेतो. अलीकडे या शैलीकडे जुनाट म्हणून पाहण्याची रीत पडली आहे, ती अन्यायाची आहे. कुटुंबातील कोण कोण लग्नाला हजर होते आणि त्या वेळी ते कसे दिसत होते, याची विश्वासार्ह नोंद हीच शैली ठेवते. लग्नानंतर दहा-पंधरा वर्षांनी अल्बम उघडला जातो, तेव्हा घरातली माणसे स्वतःचे चेहरे फार वेळ पाहत नाहीत. ती आता नसलेल्या आत्याला, थोरल्या काकांना, शेजारच्या घरातील त्या आजींना शोधत असतात, आणि त्या आजी बहुधा कोणत्याही उत्स्फूर्त चित्रात नसतात, कारण त्या दिवसभर मागच्या रांगेत एका खुर्चीवर बसून होत्या. त्यांना कोणीतरी हात धरून मंचावर आणले म्हणूनच त्यांचे चित्र उरले. या शैलीची किंमत मात्र मोजून पाहावी लागते. एका समूहाला उभे करून, मुलांना पुढे घेऊन चित्र काढायला दीड मिनिट लागते असे धरले, तर चाळीस समूहांना पूर्ण एक तास लागतो, आणि हा तास वधूवर उपाशीपोटी, फुलांच्या हारांसह, झगझगीत दिव्यांपुढे उभे राहून देतात. म्हणून ज्या घरांना ही शैली हवी आहे त्यांनी समूहांची यादी आधी करून ती पंधरा-वीसवर आणावी, वृद्धांचे समूह सर्वांत आधी घ्यावेत आणि शक्य असेल तर हे काम मुहूर्ताच्या आधी, सीमांत पूजनाच्या संध्याकाळी उरकावे. त्या वेळी दोन्हीकडची जवळची माणसे जमलेली असतात आणि कोणालाही गाडी गाठायची घाई नसते.

दुसरी शैली कँडिड या नावाने सर्वत्र परिचित झाली आहे. समोरच्या माणसाला उभे न करता, बहुधा त्याच्या नकळत, घडत असलेला प्रसंग जसा आहे तसा टिपणे, असा तिचा अर्थ आहे. तिचे कूळ लग्नात नसून वृत्तपत्रांत आहे. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकासारख्या लहान कॅमेऱ्यांमुळे छायाचित्रकाराला तिपाईवाचून, गर्दीत मिसळून काम करता येऊ लागले. एरिख सालोमन या जर्मन छायाचित्रकाराने त्याच दशकात परिषदांतील मुत्सद्द्यांची बेसावध चित्रे घेऊन नाव मिळवले, तर आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराच्या १९५२ मधील पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीमुळे ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना रूढ झाली. प्रसंगातील आशय आणि चौकटीतील मांडणी ही दोन्ही ज्या एका पळात जुळून येतात ते पळ ओळखणे, हे या कल्पनेचे सार आहे.

मराठी लग्नात असे पळ कोणते, हे पाहायचे तर अंतरपाटापाशी थांबावे लागते. दोन्ही बाजूंनी धरलेल्या त्या वस्त्राच्या एका अंगाला वर, दुसऱ्या अंगाला वधू, तिच्या पाठीशी मामा आणि कऱ्हादिवा घेतलेली करवली, अशी मांडणी असते. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ म्हटले जाते, अक्षता पडतात आणि पुन्हा शांतता होते. शेवटच्या अष्टकाचे स्वर लांबू लागतात तसे वधूचे हारावरचे हात किंचित वर येतात, मामा अर्धे पाऊल मागे सरकतो, वाजंत्रीवाले सनई तोंडाशी नेतात. मग अंतरपाट बाजूला होतो आणि दोघे एकमेकांना पाहतात. त्या पाहण्याला एखादा सेकंद मिळतो, कारण लगेच सगळीकडून अक्षतांचा वर्षाव होतो, वाद्ये कडाडतात आणि नातेवाइकांचे मोबाइल धरलेले हात मध्ये येतात. छायाचित्रकार आधीपासून योग्य जागी, दोघांचे चेहरे सारख्या अंतरावर येतील असा बाजूला उभा नसेल, तर त्याला फक्त एकाची पाठ मिळते. भिंगाचे तोंड किती उघडे ठेवले आहे यालाही येथे महत्त्व आहे. मोठी उघडीप असलेल्या भिंगाने पार्श्वभूमी सुरेख विरघळते, पण ८५ मिलिमीटरच्या भिंगाने चार मीटरवरून असे चित्र घेतले तर साधारण वीतभर खोलीचाच भाग स्पष्ट राहतो, आणि किंचित तिरक्या कोनातून घेतल्यास एकाचा चेहरा रेखीव आणि दुसऱ्याचा पुसट होतो. चांगला कँडिड छायाचित्रकार या जागी धूसरतेचा मोह सोडून उघडीप कमी करतो. बरेचसे देखणे नमुने एकट्या वधूच्या चेहऱ्याचे असतात, आणि त्यांवरून ही समज पारखता येत नाही.

याचा अर्थ असा की कँडिड शैलीला विधींचे ज्ञान पारंपरिक शैलीपेक्षा अधिक लागते. वधूचा भाऊ वराचा कान पिळतो तो विधी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होऊन जातो; लाजाहोमात तोच भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो तेव्हा दोघांचेही डोळे खाली असतात; सूनमुख पाहताना आरशात दिसणारे प्रतिबिंब कोणत्या बाजूने मिळेल, हे आरसा पुढे येण्याआधी ओळखावे लागते. जो छायाचित्रकार हे विधी प्रथमच पाहत आहे, त्याच्या हाती केवळ हसणारे चेहरे लागतात, आणि कोणत्याही समारंभात मिळावेत असे हसणारे चेहरे म्हणजे त्या लग्नाची नोंद होत नाही. ही शैली वधूवरांचा वेळ घेत नाही; परंतु त्यांच्याकडून कॅमेऱ्याचा विसर पडण्याची अपेक्षा करते. ज्यांना कॅमेरा दिसताच अवघडायला होते, त्यांनी या कारणासाठी कँडिडला घाबरण्याचे कारण नाही. उलट अशा माणसांना उभे करून हसायला लावण्यापेक्षा दुरून टिपणेच त्यांच्या स्वभावाला धरून असते. मात्र अशा शैलीत नीटनेटकेपणाची हमी नसते. घामाने विस्कटलेली बट, वाकडी झालेली मुंडावळी, तोंडात घास असलेले काका हे सारे चित्रात येणार, आणि ते ज्यांना सहन होत नाही त्यांनी आधीच तसे सांगावे.

पारंपरिक आणि कँडिड या दोन शैलींच्या मध्ये एक पद्धत कोणी न ठरवताच रूढ झाली आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. मंगळसूत्र घालताना छायाचित्रकार वराचा हात अधांतरी थांबवतो, त्याला मान वळवून हसायला सांगतो, चित्र मनासारखे न आल्यास ते मणी पुन्हा उचलायला लावतो. सप्तपदीच्या पावलांमध्ये ‘एक मिनिट, परत’ म्हणतो आणि गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर तुटतो. असे चित्र कँडिड नसते आणि पारंपरिकही नसते. ते विधीचे नाटक असते. यात छायाचित्रकारापेक्षा यजमानांचा दोष अधिक असतो, कारण कोणत्या विधीत थांबवायचे नाही, हे त्यांनी त्याला कधी सांगितलेलेच नसते. कन्यादान, मंगळसूत्र, सप्तपदी आणि निरोपाचा क्षण या चार ठिकाणी कोणीही आवाज देणार नाही, एवढी एक अट घातली, तरी शैली कोणतीही असो, लग्नाची लय टिकते, आणि जो छायाचित्रकार ही अट ऐकून नाराज होतो त्याची निवड पुन्हा तपासून पाहावी.

तिसरा प्रकार मासिकांतील फॅशन छायाचित्रांवरून आलेला असून त्यात वधूवर हेच केंद्र असतात आणि बाकीचे लग्न पार्श्वभूमी होते. उजेडाची दिशा, वस्त्रांची चुणी, दागिन्यांवरची चमक, वाड्याची कमान किंवा समुद्राची क्षितिजरेषा यांची जुळणी करून एकेक चित्र रचले जाते. लग्नापूर्वीची जोडप्याची प्री-वेडिंग चित्रे बहुधा याच रीतीची असतात. नथीचा मोती, पैठणीच्या पदरावरचे मोर आणि हिरवा चुडा यांचे सौंदर्य या शैलीइतके दुसरीकडे क्वचितच खुलते. पण तिला वधूवरांचे निवांत दोन-तीन तास लागतात, आणि सकाळच्या मुहूर्ताच्या लग्नात हे तास अस्तित्वातच नसतात. गोरज मुहूर्त असेल तर सूर्यास्तापूर्वीचा तिरपा, मऊ उजेड मिळू शकतो, परंतु नेमक्या त्याच वेळी वधूला बोहल्याकडे न्यायचे असते. म्हणून ज्यांना अशी चित्रे मनापासून हवी आहेत त्यांनी ती लग्नाच्या दिवसात कोंबू नयेत. एखादा वेगळा दिवस काढून, लग्नाचीच वस्त्रे पुन्हा नेसून ती काढून घ्यावीत. जुन्या काळी जोडपी लग्नानंतर स्टुडिओत जात, ती रीत या बाबतीत शहाणपणाची होती.

रंगांचा विचार वेगळा करायला हवा, कारण येथे अनेकांची फसगत होते. गेल्या काही वर्षांत फिकट, दुधाळ छटांची चित्रे लोकप्रिय झाली आहेत. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ चित्रांवर संगणकात ठरावीक रंगसूत्र चढवून ती तयार होतात. पांढरी वस्त्रे, हिरवळ आणि ढगाळ आभाळ असलेल्या लग्नांना हे सूत्र शोभते. मराठी लग्नाची रंगसंगती याच्या अगदी उलट, हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, चुड्याचा हिरवा आणि झेंडूचा केशरी अशा भरदार रंगांची आहे. त्यावर तेच सूत्र चढवले की हळद सायीसारखी दिसू लागते, चुडा राखाडी होतो आणि अष्टपुत्रीचा पिवळा रंग ओळखू येईनासा होतो. त्यात मांडवातील उजेडाची भर पडते. पिवळसर दिव्यांच्या उजेडाचे रंगतापमान, म्हणजे उजेड किती पिवळसर वा निळसर आहे हे दाखवणारे माप, सुमारे ३००० केल्विन असते, तर दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५०० केल्विन. कार्यालयाच्या एका बाजूने खिडकीचे ऊन आणि वरून पिवळे दिवे असले की एकाच चेहऱ्याचा अर्धा भाग निळसर आणि अर्धा नारिंगी दिसतो. गुलाबी वा पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली भर दिवसा चेहऱ्यांवर त्या कापडाचा रंग उतरतो. याशिवाय काही स्वस्त एलईडी दिवे विजेच्या ५० हर्ट्‌झ वारंवारतेमुळे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, ते डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्याचा पडदा वेगाने उघडझाप करत असेल तर चित्रावर आडवे काळे पट्टे उमटतात. कार्यालय ठरल्यावर छायाचित्रकाराने तेथे मुहूर्ताच्याच वेळी एकदा जाऊन उजेड पाहावा, असा आग्रह धरणे म्हणूनच रास्त आहे.

रंगांच्या याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट घडते आणि ती खपवून घेऊ नये. चित्रे सुंदर करण्याच्या नावाखाली वधूची, आणि हल्ली वराचीही, त्वचा दोन-तीन छटा उजळ केली जाते, चेहऱ्यावरचे तीळ पुसले जातात, आजीच्या सुरकुत्या गुळगुळीत केल्या जातात. सावळ्या मुलीला तिच्याच लग्नाच्या अल्बममध्ये गोरी करून दाखवणे हा तिचा अपमान आहे, आणि आजीच्या सुरकुत्या तर पुढच्या पिढीला हव्याच असतात. ‘त्वचेचा रंग बदलायचा नाही’ हे वाक्य करारात लिहून घेतले पाहिजे.

चलचित्रणाची निवड बहुतेक वेळा छायाचित्रणाबरोबरच होते. १९८० च्या दशकात व्हीएचएस कॅसेट आल्यापासून लग्नाची पूर्ण लांबीची नोंद ठेवण्याची रीत पडली आणि आता तिच्या जोडीला चित्रपटासारखी जुळणी केलेली काही मिनिटांची फीत आली आहे. छोटी फीत पुन्हा पुन्हा पाहिली जाते हे खरे. परंतु मंगलाष्टके म्हणणाऱ्या मावशीचा आवाज आणि उखाणा घेताना अडखळलेली नवरी लांब नोंदीतच सापडतात, कारण छोट्या फितीत त्यांच्या जागी पार्श्वसंगीत असते. म्हणून विधींचा मूळ आवाज न कापता वेगळा जपून देण्याची मागणी करावी. ड्रोनची हौस असणाऱ्यांनी २०२१ चे ड्रोन नियम ध्यानात ठेवावेत. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि विमानतळाजवळच्या कार्यालयांना हवाई क्षेत्राचे निर्बंध लागू होतात. शिवाय मंगलाष्टके चालू असताना डोक्यावर घोंघावणारे यंत्र कोणालाही नको असते.

प्रत्येक लग्न मुहूर्ताचे आणि होमाचे नसते, आणि तेथे शैलीचा विचार नव्याने करावा लागतो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने होणाऱ्या विवाहात वधू आणि वर एकमेकांना उद्देशून वचने बोलतात. तेथे कृतीपेक्षा बोलणे महत्त्वाचे असल्याने चेहऱ्याजवळची, संथ, कमी चित्रे आणि स्वच्छ ध्वनिमुद्रण हीच योग्य शैली ठरते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी कार्यालयात तीन साक्षीदारांसमोर होणाऱ्या लग्नाला एकच शांत छायाचित्रकार पुरतो, आणि सहीच्या वेळी टेबलाभोवती वाकलेली चार-पाच डोकी हे त्या लग्नाचे सर्वांत बोलके चित्र असू शकते. गोव्यातील ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी नारळाच्या रसाने माखण्याचा रोस हा घरगुती सोहळा असतो. तेथे मोकळ्या कँडिड शैलीला वाव आहे, तर चर्चमधील विधीत कोठे उभे राहायचे आणि केव्हा चित्र घ्यायचे हे पाद्रींना आधी विचारूनच ठरवावे लागते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये होणाऱ्या मराठी लग्नांत अनेकदा छायाचित्रकाराला अंतरपाट म्हणजे काय हेच ठाऊक नसते. अशा वेळी प्रत्येक विधी साधारण किती मिनिटे चालतो, त्यातील मुख्य हालचाल कोणती आणि ती कोणाच्या हातून होते, हे एका पानावर क्रमाने लिहून देणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

छायाचित्रकार निवडताना त्याची निवडक तीस-चाळीस चित्रे पाहून काही कळत नाही. एखाद्या यजमानाच्या संमतीने एकाच लग्नाची पहिल्यापासून शेवटपर्यंतची सर्व चित्रे पाहायला मागावीत. त्यांत अंधाऱ्या कार्यालयातील चित्रे कशी आहेत, वृद्ध माणसे किती आहेत, एकच हसरा चेहरा वीस वेळा आला आहे का, आणि दुपारी तीननंतर छायाचित्रकाराचा उत्साह टिकला आहे का, हे लगेच उमगते. दोन माणसांचे पथक असेल तर एकाने पारंपरिक आणि दुसऱ्याने कँडिड चित्रे घ्यावीत ही वाटणी बहुतेक मराठी लग्नांना मानवते, मात्र प्रत्यक्षात कोण येणार हे नावानिशी लिहून घ्यावे. घरातल्या एका माहीतगार व्यक्तीने, शक्यतो दोन्ही घरांतून एकेकाने, त्यांच्यासोबत राहून ‘या नवऱ्यामुलाच्या आजोळच्या’, ‘हे मुलीचे शिक्षक’ असे सांगत राहावे. कराराबाबत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार झालेला नसेल तर, ते काढून घेणारा ग्राहक असतो. छापील करारातील बारीक अक्षरांत हा हक्क छायाचित्रकाराकडे दिलेला असेल, तर वधूची चित्रे जाहिरातीत वापरली जाऊ शकतात. म्हणून सही करण्यापूर्वी ते कलम शोधून वाचावे आणि वधूवरांच्या लेखी संमतीशिवाय चित्रे प्रसिद्ध होणार नाहीत, अशी भर घालून घ्यावी.

चित्रे हाती आल्यावर त्यांच्या तीन प्रती कराव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी. छापील अल्बम लहान असला तरी चालेल, पण तो करावाच, आणि पहिल्या सणाला घरची मंडळी एकत्र आली की आजीला शेजारी बसवून प्रत्येक समूहचित्राखाली डावीकडून उजवीकडे नावे लिहून घ्यावीत. जुन्या तसबिरींच्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहिलेली अशी नावे अजून वाचता येतात.